डिटरमिनिस्टिक ऑप्टिमायझेशन म्हणजे काय? ऑपरेशन्स रिसर्चमधला हा विषय कसा शिकावा – संपूर्ण माहिती

मोबाईलवरून जेवण मागवलंय, नकाशात एक रायडर हॉटेलच्या अगदी दारात उभा दिसतोय, पण तुमची ऑर्डर भलत्याच लांबच्या रायडरला मिळाली, असं कधी झालंय का? आपण म्हणतो, ॲपला अक्कल नाही. पण कदाचित ॲपने फक्त तुमचा नाही, सगळ्यांचा मिळून हिशोब केलेला असतो. असे हिशोब ज्या विषयात शिकवतात, त्याचं नाव ऑपरेशन्स रिसर्च, थोडक्यात ओआर.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. केलं. पहिल्याच सेमिस्टरला 'डिटरमिनिस्टिक ऑप्टिमायझेशन' हा विषय होता. नाव ऐकूनच अर्धा वर्ग घाबरला होता. आजच्या लेखात हा विषय नेमका काय आहे, त्यात काय काय शिकवतात, अभ्यास कसा करायचा आणि मोबाईलवर सुरुवात कशी करायची, हे सगळं पाहू. सोबत माझी एक चूकही सांगणार आहे. ती परीक्षेत नाही झाली, आमच्या घरच्या धंद्यात झाली, आणि तिचे पैसे आईने भरले.

ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे काय?

हातात असलेली साधनं (माणसं, यंत्रं, वेळ, पैसा) मर्यादित असताना त्यांचा सगळ्यात चांगला वापर कसा करायचा, हे गणिताने ठरवण्याचं शास्त्र म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनमध्ये रडार नवीन होतं. यंत्र चालत होतं, पण त्यातून मिळालेली माहिती लढाऊ विमानांपर्यंत वेळेत पोहोचवायची कशी, हा वेगळाच प्रश्न होता. म्हणजे संशोधन यंत्रावर नाही, यंत्र वापरण्याच्या पद्धतीवर हवं होतं. 'ऑपरेशनल रिसर्च' हे नाव तिथून आलं. युद्धानंतर हीच पद्धत कारखाने, रेल्वे, विमान कंपन्या आणि तेल शुद्धीकरणात गेली. आपल्याकडे ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९५७ मध्ये सुरू झाली.

'डिटरमिनिस्टिक' म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, सगळे आकडे आधीच ठरलेले आहेत असं धरून चालणं. एक किलो चकलीला किती वेळ लागतो, नफा किती, माणसं किती, सगळं पक्कं माहीत. यात नशिबाला जागा नाही.

याच्या उलट 'स्टोकॅस्टिक' पद्धती. त्यात गिऱ्हाईक किती येतील, पाऊस पडेल की नाही, मशीन कधी बंद पडेल, अशा अनिश्चित गोष्टी शक्यतेच्या भाषेत मांडतात. रांगांचं गणित, सिम्युलेशन, मार्कोव्ह चेन हे विषय त्या बाजूला येतात. बऱ्याच ठिकाणी आधी डिटरमिनिस्टिक शिकवतात, मग स्टोकॅस्टिक.

तुम्ही म्हणाल, खऱ्या जगात ठरलेलं काय असतं? प्रश्न बरोबर आहे. उत्तर लेखात पुढे येईलच.

मॉडेलचे तीन भाग: आईच्या फराळाचं उदाहरण

साताऱ्यात आई दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डर घेते. आई आणि शेजारच्या काकू अशा दोघी मिळून काम करतात. मोठी शेगडी एकच. समजायला सोपं जावं म्हणून दोनच पदार्थ घेऊ: चकली आणि पातळ पोह्यांचा चिवडा.

कोणतंही ऑप्टिमायझेशन मॉडेल तीन प्रश्नांवर उभं असतं.

१. ठरवायचं काय? रोज किती किलो चकली आणि किती किलो चिवडा करायचा. यांना निर्णय-चल म्हणतात.

२. साधायचं काय? जास्तीत जास्त नफा. चकलीवर किलोमागे ९० रुपये सुटतात, चिवड्यावर ६०. हे उद्दिष्ट.

३. अडतं कुठे? दोघींचे मिळून हाताचे ६०० मिनिटं काम होतं. चकलीला किलोमागे ३० मिनिटं हात लागतात (मळणं, सोऱ्याने पाडणं, पॅकिंग), चिवड्याला १५. शेगडी दिवसाला ४८० मिनिटं चालते, आणि दोन्ही पदार्थांना किलोमागे २० मिनिटं शेगडी लागते. या झाल्या मर्यादा.

सगळी नाती सरळ बेरीज-गुणाकाराची असली, की त्याला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. बारावीच्या गणितात एलपीपी नावाचा धडा होता ना, तोच हा! यातल्या 'प्रोग्रॅमिंग'चा कॉम्प्युटरच्या कोडिंगशी संबंध नाही बरं का. अमेरिकन लष्करात कामाच्या आणि पुरवठ्याच्या आखणीला 'प्रोग्रॅम' म्हणत, तो शब्द इथे चिकटला.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर चकली, उभ्या अक्षावर चिवडा. हातांची आणि शेगडीची अशा दोन तिरक्या रेषा येतील, आणि आत शक्य उत्तरांचा एक चौकोन तयार होईल. त्याचे चार कोपरे असे:

• काहीच न करणं: नफा ०
• २० किलो चकली, चिवडा नाही: १८०० रुपये
• १६ किलो चकली, ८ किलो चिवडा: १९२० रुपये
• चकली नाही, २४ किलो चिवडा: १४४० रुपये

लिनियर प्रोग्रॅमिंगची गंमत इथेच आहे. प्रश्नाला सर्वोत्तम उत्तर असेल, तर अशा आकृतीत ते एखाद्या कोपऱ्यावर सापडतंच. मधल्या हजारो बिंदूंकडे बघायची गरज नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, माझी चूक इथूनच निघाली.

सिम्प्लेक्स पद्धत कशी चालते?

दोन पदार्थ असतील तर आलेख चालतो. दोनशे असतील तर? तेव्हा सिम्प्लेक्स पद्धत. अमेरिकेत हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डॅन्टझिग यांनी ती १९४७ मध्ये मांडली.

एका कोपऱ्यावर उभं राहायचं, कोणत्या कडेने गेलं तर नफा वाढतो ते बघायचं, त्या कडेने पुढच्या कोपऱ्यावर जायचं, आणि कुठूनच वाढत नसेल तर थांबायचं. एवढीच कल्पना. आपल्या उदाहरणात बघा:

• सुरुवात शून्यावर. चकलीत जास्त सुटतंय, म्हणून चकली वाढवा. २० किलोला हात संपतात. नफा १८००.
• शेगडी अजून ८० मिनिटं रिकामी आहे. एक किलो चिवडा घेतला तर अर्धा किलो चकली सोडावी लागेल. ६० रुपये आले, ४५ गेले, म्हणजे १५ रुपये फायदा.
• या अदलाबदलीत शेगडी किलोमागे १० मिनिटं जास्त लागते. ८० मिनिटांत ८ किलो. आपण १६ आणि ८ वर आलो. नफा १९२०.
• इथून कुठेही गेलं तरी नफा कमीच होतो. थांबा.

परीक्षेत याचीच मोठमोठी कोष्टकं करावी लागतात आणि मुलं आकडेमोडीत हरवतात. मी आधी ही गोष्ट कागदावर लिहायचे आणि मग कोष्टक भरायचे. प्रत्येक ओळ काय म्हणतेय ते कळलं, की चूक लगेच सापडते.

या विषयातला मराठी माणूस

लिनियर प्रोग्रॅमिंगची मुळं डॅन्टझिग यांच्याही आधीची. १९३९ मध्ये लेनिनग्राडच्या लिओनिद कान्तोरोविच यांनी प्लायवुड कारखान्याच्या प्रश्नावरून याच जातीचं गणित मांडलं होतं. १९७५ मध्ये कान्तोरोविच आणि त्यालिंग कूपमन्स यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. डॅन्टझिग यांचं नाव त्यात नव्हतं.

सिम्प्लेक्स व्यवहारात वेगवान आहे, पण १९७२ मध्ये क्ली आणि मिन्टी यांनी मुद्दाम रचलेलं एक उदाहरण दाखवलं, ज्यात ती सगळेच्या सगळे कोपरे फिरत बसते. १९७९ मध्ये खाचियान यांनी अशी पद्धत दिली, जी कागदावर अशा सापळ्यात अडकत नाही, पण प्रत्यक्षात ती संथ होती. आणि १९८४ मध्ये बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकर यांनी दोन्ही बाजूंनी चांगला मार्ग दिला. कडेकडेने चालायचंच नाही, आकृतीच्या पोटातून उत्तराकडे जायचं! ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले आणि आयआयटी मुंबईत शिकलेले करमरकर तेव्हा तिशीच्याही आतले होते. ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. आजच्या सॉल्व्हर सॉफ्टवेअरमध्ये सिम्प्लेक्स आणि या आतून जाणाऱ्या पद्धती, दोन्ही असतात.

शॅडो प्राइस: सगळ्यात कामाची गोष्ट

उत्तर मिळाल्यावर खरी मजा सुरू होते. प्रश्न असा: आणखी एक मिनिट मिळालं तर त्याची किंमत किती?

आपल्या उदाहरणात हाताच्या एका मिनिटाची किंमत २ रुपये येते आणि शेगडीच्या एका मिनिटाची दीड रुपया. याला शॅडो प्राइस म्हणतात. पडताळून बघा: ६०० गुणिले २ म्हणजे १२००, ४८० गुणिले दीड म्हणजे ७२०, बेरीज १९२०. नेमका आपला नफा! हा योगायोग नाही. यालाच ड्युअॅलिटी म्हणतात, आणि हा या विषयाचा कणा आहे.

म्हणजे काकू एक तास जास्त थांबल्या तर १२० रुपये वाढतात. त्या तासाला ६० रुपये घेत असतील तर थांबवणं परवडतं. पण कुठवर? फक्त दोन तास. त्यानंतर सगळी शेगडी चकलीनेच भरते आणि कितीही हात वाढवले तरी उपयोग नाही.

तसंच उलट बाजूने बघता येतं. तेल महागलं आणि चकलीचा नफा ९० वरून ६५ वर आला तर? योजना बदलायची गरज नाही. चिवड्याचा नफा ६० च राहिला, तर चकलीचा ६० ते १२० या पट्ट्यात कुठेही असला तरी १६ आणि ८ हेच उत्तर टिकतं. नफा कमी होईल, योजना तीच राहील. या तपासणीला सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात. बहुतेक मुलं हा धडा पाच मार्कांचा म्हणून सोडतात. मीही सोडला होता.

माझी चूक

पहिल्या सेमिस्टरला मी हे सगळं शिकले आणि हॉस्टेलवरून आईला फोन लावला. म्हटलं, काकूंना दोन तास जास्त थांबव, २४ किलो नुसती चकली कर, नफा २१६०.

आई म्हणाली, "अगं, आणि चिवडा कोणी मागितला तर काय सांगू, माझ्या मुलीच्या गणितात बसत नाही?"

मी मर्यादा लिहायला विसरले होते. अशी चूक मोठमोठ्यांनीही केलीय. खुद्द डॅन्टझिग यांनी १९५० च्या दशकात स्वतःच्या डाएटसाठी मॉडेल बनवलं. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून, पाणी वगळून अन्नाचं वजन जास्तीत जास्त ठेवायचं, असं उद्दिष्ट होतं. उत्तर आलं, ५०० गॅलन व्हिनेगर प्या! कारण यादीत व्हिनेगरमध्ये पाणी शून्य धरलं होतं. व्हिनेगर काढलं, तर पुढचं उत्तर आलं, दिवसाला २०० सूपच्या वड्या. गणित दोन्ही वेळा बरोबर होतं. सांगितलं नाही ते त्याला कळत नाही, एवढंच.

मग मी रोज किमान ६ किलो चिवडा अशी मर्यादा घातली. उत्तर आलं १८ किलो चकली, ६ किलो चिवडा, काकूंचा फक्त अर्धा तास जास्त. नफा १९८०. पाच दिवसांचे १२० किलो. आईने तेवढ्या ऑर्डर घेतल्या, मला वाटलं आता झालं.

तिसऱ्या दिवशी काकूंचा मुलगा तापाने आजारी पडला. त्या आल्या नाहीत. एकट्या आईच्या हातून जेमतेम ११ किलो झालं. १३ किलो मागे पडलं. मला वाटलं, उरलेल्या दोन दिवसांत भरून काढू. कागद काढला आणि तेव्हा कळलं, की भरून काढायला जागाच नाही. शेगडी रोज आठच्या आठ तास भरलेली होती. ती मीच भरली होती.

आई दोन रात्री एक-दीड वाजेपर्यंत शेगडीपुढे उभी राहिली. तरी एक दहा किलोची ऑर्डर वेळेत गेली नाही. त्या गिऱ्हाईकाने दुसरीकडून फराळ घेतला आणि ॲडव्हान्स परत मागितला. आईने तो दिला. मला काहीच बोलली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता वरचं वाक्य आठवा: सर्वोत्तम उत्तर कोपऱ्यावर असतं. कोपरा म्हणजे काय? जिथे मर्यादा पूर्ण वापरल्या गेल्यात, काही शिल्लक नाही. म्हणजे सर्वोत्तम योजना ही बहुतेक वेळा कड्याच्या टोकावर उभी असलेली योजना असते. आकडे ठरलेले आहेत तोवर तिथे उभं राहणं सुरक्षित आहे. एक आकडा हलला, की पाय घसरतो. डिटरमिनिस्टिक मॉडेल खोटं बोलत नाही. ते म्हणतं, "हे आकडे खरे असतील, तर यापेक्षा चांगलं काही नाही." त्यातलं 'तर' मी ऐकलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी मी शेगडी ४८० ऐवजी ४०० मिनिटांचीच आहे, असं मॉडेलला सांगितलं. उत्तर आलं १४ किलो चकली, ६ किलो चिवडा, नफा १६२०. काकूंच्या जादा अर्ध्या तासाचे ३० रुपये वाचले ते धरून, रोज ३३० रुपये कमी. पाच दिवसांचे १६५०. आईला सरळ विचारलं, एखादा दिवस बिघडला तरी झोप मिळावी, याची ही किंमत आहे, परवडेल का? ती म्हणाली, "आधीच विचारायचं होतंस की." यावेळी रोज ४ किलो वाढवायची जागा होती, आणि पाचही दिवस ऑर्डर वेळेत गेल्या.

मोकळीक ठेवायची, हे आईला माझ्या आधीपासून माहीत होतं. ती मोकळीक किती रुपयांना पडते, हे मात्र गणिताने सांगितलं. माझ्या मते हा विषय शिकण्याचं खरं कारण हेच आहे.

सिलॅबसमध्ये आणखी काय असतं?

विद्यापीठागणिक थोडा फरक पडतो, पण साधारणपणे हे भाग असतातच.

ट्रान्सपोर्टेशन आणि असाइनमेंट

कोणत्या गोदामातून कोणत्या दुकानात किती माल पाठवायचा, हा ट्रान्सपोर्टेशनचा प्रश्न. कोणतं काम कोणाला द्यायचं, हा असाइनमेंटचा. सुरुवातीचा रायडरचा प्रश्न इथला. समजा, रायडर अमित पहिल्या हॉटेलपासून २ मिनिटांवर आहे आणि दुसऱ्यापासून ४. रायडर सलीम पहिल्यापासून ३ आणि दुसऱ्यापासून १०. जवळचा म्हणून अमितला पहिलं हॉटेल दिलं, तर एकूण १२ मिनिटं. उलट केलं तर फक्त ७!

५ जणांना ५ कामं वाटायचे १२० प्रकार होतात. १० जणांना ३६,२८,८००. २० जणांना २४ वर १७ शून्यं, त्याहूनही थोडे जास्त. सगळे तपासणं अशक्य. हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये दिलेली हंगेरियन पद्धत कोष्टकातून वजाबाकी करत नेमकं उत्तर काढते. दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी आहे, म्हणून हे नाव.

नेटवर्क

सगळ्यात जवळचा रस्ता, कमीत कमी तारेत सगळी गावं जोडणं, पाइपमधून जास्तीत जास्त प्रवाह, आणि प्रोजेक्टचं वेळापत्रक. जवळच्या रस्त्याची प्रसिद्ध पद्धत एड्सगर डाइक्स्ट्रा यांची. १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून साधारण वीस मिनिटांत ती सुचली, असं त्यांनीच सांगितलंय. छापून आली १९५९ मध्ये. मोबाईलवरचा नकाशा रस्ता दाखवतो, तेव्हा मुळात हाच प्रश्न सुटत असतो.

इंटिजर प्रोग्रॅमिंग

अर्धा ट्रक पाठवता येत नाही. उत्तर पूर्ण संख्येतच हवं. मग लिनियर उत्तर काढून जवळच्या संख्येवर आणलं तर? फसाल! १० किलोच्या पिशवीत एक ६ किलोची वस्तू आहे, किंमत ६६ रुपये, आणि दोन ५ किलोच्या, प्रत्येकी ५० रुपये. किलोमागे दर ६ किलोवालीचा जास्त. ती घेतली तर दुसरी काही बसत नाही, मिळाले ६६. दोन्ही ५ किलोवाल्या घेतल्या तर १००. तुकडे करायची मुभा असती तर १०६ मिळाले असते. म्हणजे १०६ च्या वर कोणीच जाऊ शकत नाही.

अशी वरची हद्द वापरून नको त्या फांद्या छाटत जाणं म्हणजे ब्रँच अँड बाउंड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी ती १९६० मध्ये मांडली. सगळी शहरं फिरून कमीत कमी अंतरात घरी येण्याचा फिरत्या विक्रेत्याचा प्रश्नही याच घरातला. १९५४ मध्ये ४९ शहरांचा प्रश्न सोडवणं ही मोठी बातमी होती. २००६ मध्ये ८५,९०० ठिकाणांचा प्रश्न पक्क्या पुराव्यासह सुटला.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंग

मोठा निर्णय टप्प्याटप्प्यात तोडायचा आणि प्रत्येक टप्प्याचं उत्तर जपून ठेवायचं. रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात हे उभं केलं. कोडिंगच्या मुलाखतीत छळणारं 'डीपी' ते हेच.

नॉनलिनियर प्रोग्रॅमिंग

नाती सरळ रेषेची नसतील तेव्हा. इथे केकेटी अटी शिकवतात. कून आणि टकर यांनी त्या १९५१ मध्ये छापल्या. नंतर लक्षात आलं, की विल्यम कारुश यांनी त्या १९३९ मध्येच शिकागोतल्या आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात लिहिल्या होत्या. म्हणून पहिला 'के' कारुश यांचा. आपला प्रोजेक्ट कोण वाचतंय, असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा!

अभ्यास कसा करावा?

१. आधी मांडणी, मग सोडवणूक. रोज एक शब्दांतलं उदाहरण घ्या आणि फक्त चल, उद्दिष्ट, मर्यादा लिहा. सोडवू नका. महिनाभरात फरक दिसेल.

२. दोन चलांची उदाहरणं आलेखावर काढा. कोपरा, कड, शिल्लक हे शब्द डोळ्यांनी कळले पाहिजेत.

३. सिम्प्लेक्सची चार-पाच कोष्टकं हाताने पूर्ण करा. त्याहून जास्तीची गरज नाही, पुढे कॉम्प्युटर करतो. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिगलर यांनी ७७ पदार्थांतून ९ पोषक घटक पुरवणारा स्वस्त आहार अंदाजाने काढला होता, वर्षाला ३९.९३ डॉलर. १९४७ मध्ये तोच प्रश्न टेबलावरच्या गणकयंत्रांनी सिम्प्लेक्स वापरून सोडवायला १२० मनुष्यदिवस लागले. उत्तर आलं ३९.६९ डॉलर. आज मोबाईल हे क्षणात करतो.

४. प्रत्येक उत्तरानंतर तीन प्रश्न विचारा. कोणती मर्यादा पूर्ण वापरली गेली? तिची शॅडो प्राइस किती? कोणता आकडा हलला तर उत्तर पडेल? हे मी पहिल्या सेमिस्टरला केलं असतं, तर आईच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

५. ट्रान्सपोर्टेशन, असाइनमेंट, शॉर्टेस्ट पाथ हे वेगवेगळे धडे म्हणून पाठ करू नका. सगळी लिनियर प्रोग्रॅमिंगचीच भावंडं आहेत, हे कळलं की अर्धा अभ्यास कमी होतो.

मोबाईलवर सुरुवात कशी करावी?

• एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांची ओआरची व्याख्यानं आहेत. इंग्रजीत आहेत, पण सावकाश आणि फळ्यावर शिकवतात. यूट्यूबवर मोफत.
• मोबाईलच्या ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडा. काही इन्स्टॉल न करता पायथन चालतं. त्यात पल्प ही मोफत लायब्ररी घ्या आणि वरचं फराळाचं उदाहरण टाकून बघा. १६ आणि ८ आलं पाहिजे.
• पुढे मोठ्या प्रश्नांसाठी गुगलचं ओआर-टूल्स आणि HiGHS नावाचा सॉल्व्हर, दोन्ही मोफत आहेत.
• घरी कॉम्प्युटर असेल तर एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्कमध्ये सॉल्व्हर मिळतो.

सॉल्व्हर कधी कधी उत्तराऐवजी एखादा शब्द देतो. 'इनफीजिबल' म्हणजे तुमच्या मर्यादा एकमेकींशी भांडतायत, सगळ्या एकदम पाळता येत नाहीत. 'अनबाउंडेड' म्हणजे नफा अमर्याद वाढतोय, अर्थात तुम्ही एखादी मर्यादा लिहायला विसरलात. आणि 'ऑप्टिमल' आलं की खूश होण्याआधी आईला दाखवा!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गणित कच्चं असेल तर जमेल का? बारावीचं एलपीपी, मॅट्रिक्स आणि असमानता नीट येत असतील तर सुरुवात होते. नॉनलिनियर भागाला कॅल्क्युलस लागतं.

कोडिंग यायलाच हवं का? परीक्षेपुरतं नाही. नोकरीसाठी मात्र पायथन शिकून घ्या.

मशीन लर्निंग असताना हे कशाला? मशीन लर्निंग अंदाज सांगतं, उद्या किती ऑर्डर येतील. त्या अंदाजावर कोणाला कुठे पाठवायचं, हा निर्णय ऑप्टिमायझेशन घेतं. दोन्ही लागतात.

भारतात कुठे शिकता येईल? आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ओआर शिकता येतं. दिल्ली विद्यापीठात ऑपरेशनल रिसर्चचा विभाग आहे. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट क्वालिटी, रिलायबिलिटी आणि ओआरमध्ये एम.टेक. देते. शिवाय मेकॅनिकल, प्रॉडक्शन, एमबीए, गणित आणि संख्याशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत हा एक विषय म्हणून असतो. प्रवेशाचे नियम त्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर तपासा.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी एखादं ॲप म्हणेल "हा सर्वोत्तम पर्याय", तेव्हा विचारा: सर्वोत्तम कोणासाठी, आणि कोणते आकडे ठरलेले धरून? हे दोन प्रश्न पडायला लागले, की तुमचा ओआरचा अभ्यास सुरू झाला समजा. तुमच्या घरच्या दुकानाचं, शेताचं किंवा क्लासच्या वेळापत्रकाचं एखादं उदाहरण घ्या आणि आजच तीन भागांत लिहून बघा. सोडवायचं उद्या!